एका त्रुटीचा निवद

आमच्या सरांनी आयुष्यात एकही निर्दोष फाइल वर पाठवली नाही, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

ते चुकत नसत, हे आधी सांगून टाकते. वाशिमच्या आमच्या संस्थेत त्यांचं पद होतं 'अनुदान व अनुपालन समन्वयक'. सरकारी योजनांचे प्रस्ताव तयार करायचे, मंजुरी आणायची, करारनामे करायचे, आणि वरून कोणी तपासायला आलं की सगळं नियमानुसार झालंय हे कागदावर दाखवायचं, असं ते काम. या कामात त्यांच्याइतका पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही. शंभर पानी प्रस्तावात कुठल्या पानावर शिक्का फिका उमटलाय, ते त्यांना न बघता ठाऊक असे. तरीही फाइल बांधून तयार झाली की ते चष्मा काढून पुसायचे, फाइलीची दोरी पुन्हा सोडायचे आणि तिच्यात स्वतःच्या हाताने एक चूक घालायचे.

एकच. एखाद्या पानाचा क्रमांक गाळायचा, एखाद्या पत्रावर तारीख टाकायची नाही, सात सदस्यांच्या ठरावावर सहाच सह्या घ्यायच्या. सरकारी भाषेत याला त्रुटी म्हणतात. सर तिला निवद, म्हणजे नैवेद्य, म्हणायचे.

"पाहा ताई," मी नवीन लागले तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "तपासाले आलेला मानूस म्हनजे पाहुना. थो कायी ना कायी घेतल्याबिगर उठत नाई. तुमी त्याच्यासाठी कायीच नाई ठेवलं तं थो सोता धुंडते. अन् धुंडाले लागला का मंग आपल्याले बी ठावं नाई थे काढते. त्यापरीस आपनच ताटात वाढून ठेवाव."

"पन सर, थे चुकीचं नाई का?"

"चुकीचंच हाय. म्हनूनच तं त्याले चूक म्हनतात."

माझं काम कॉम्प्युटरवर टाइप करायचं आणि कागद स्कॅन करायचे. किन्हीराजाहून रोज एसटीने जाऊन-येऊन करायची. नोकरीचा पहिला आठवडा, समोर पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात चार पेन. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला पुढे बराच पश्चात्ताप झाला, पण तेव्हा मात्र हसू आवरत नव्हतं.

सर खूश असले की मला 'ताई' म्हणत आणि रागावले की 'म्याडम'. माझा आवाज चढला तर तेही त्यांना एखाद्या कागदावर नोंदवावंसं वाटत असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसे.

निवदाची त्यांची एक वेगळी डायरी होती. कुठल्या फाइलीत कुठली त्रुटी कितव्या पानावर, हे तीत लिहिलेलं असे. त्रुटी निघण्याआधीच तिचं उत्तर माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयार पडलेलं असायचं: 'उपरोक्त त्रुटी नजरचुकीने राहिली असून तिची पूर्तता सोबत सादर करण्यात येत आहे.' फक्त तारीख रिकामी. 'नजरचुकीने' हा शब्द मी त्यांच्या डोळ्यांदेखत टाइप करायची आणि ते तो वाचून अगदी गंभीर चेहऱ्याने सही करायचे.

अधिकारी पाहून निवद ठरे. सेवानिवृत्तीला आलेल्या साहेबासाठी चष्म्याशिवाय दिसेल असा, म्हणजे उलटा मारलेला शिक्का. नव्याने लागलेल्या, उत्साही साहेबासाठी जरा खोलातला, म्हणजे पान बाराचा संदर्भ पान चाळिसावर जुळू नये असा. "त्याले वाटलं पायजे का आपन मेहनत केली," सर म्हणायचे. एखाद्या जावयाच्या खाण्याच्या आवडीनिवडी सासूने ध्यानात ठेवाव्यात, तशा त्यांनी जिल्ह्यात बदलून आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या सवयी ध्यानात ठेवल्या होत्या.

एकदा एक लेखापरीक्षक आले. भला माणूस, पण सुस्त. सकाळपासून फाइल चाळत होते आणि त्यांना काही सापडतच नव्हतं. निवद समोर होता, पान एकतीस, ठरावावर तारीख नाही. साहेब पान तीसवर आले, जांभई दिली आणि दोन पानं एकदम उलटली. सरांच्या कपाळावर घाम आला. मी पोहे आणून ठेवले. सरांनी उठून साहेबांच्या समोरची फाइल 'जरा सरकवतो' म्हणत बरोबर एकतीसवर उघडली आणि पोह्यांची बशी त्याच पानाच्या कडेवर ठेवली, की पान उलटू नये. साहेबांनी बशी उचलली, पोहे खाल्ले आणि बशी परत ठेवली ती नेमकी त्या ठरावाच्या तारखेच्या रिकाम्या जागेवर. मग म्हणाले, "छान आहे. काही शेरा नाही."

सर दोन दिवस जेवले नाहीत. "शेरा नाई म्हनजे काय?" ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. "शेरा नाई म्हनजे थो मानूस उपाशी गेला. आता थो परत येईन." तो काही परत आला नाही. पण सरांनी त्या फाइलीला पुढे कितीतरी महिने अपशकुनी मानलं आणि कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात टाकून दिलं.

घरीही हेच. त्यांचं घर कामरगावला. शनिवारी जात आणि सोमवारी पहिल्या जीपने परत येत. बाजारात वांगी घ्यायची तर तीन बायांकडून भाव घेत. पण सगळ्यात स्वस्त देणारीकडून घेत नसत. एकदा मी सोबत होते. पहिली बाई अपात्र ठरली, कारण तिच्या तराजूवर यंदाचा शिक्का नव्हता. दुसरी पात्र होती, पण तिने भाव तोंडी सांगताना दोनदा बदलला. तिसरीकडे वांगीच संपली होती. शेवटी दुसरीकडूनच घेतली, आणि तीही "फेरनिविदा कराले वेळ नाई" असं मला समजावून.

त्यांच्या घरी लग्नाच्या पत्रिकांवर आवक क्रमांक असायचा. भावकीत कोणी वारलं तर सांत्वनाचं पत्र ते जावक क्रमांक टाकून पाठवत. त्यांच्या पत्नीने मला एकदा चहा देताना हसत हसत सांगितलं, "भाजीत मीठ कमी झालं तं हे म्हनतात, त्रुटी हाय, पूर्तता करा. एक डाव म्या मुद्दाम मीठच नाई टाकलं. म्हटलं, घ्या निवद."

"मंग काय म्हनाले?"

"काय म्हनतीन? निमूट खाल्लं. अन् वरतून शेरा नाई."

सर बाजूच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं, पण पेपर खाली केला नाही.

मुख्याध्यापकांची दर जूनमधली बैठक हा तर एक सोहळाच असे. आमच्या योजना बहुतेक शाळांमधून चालत, म्हणून सगळ्या मुख्याध्यापकांना सर एका हॉलमध्ये बोलावत आणि नियम पाठ करून घेत. "आदेश क्रमांक हाती आल्याबिगर शायेची खोली उघडाची नाई. पोतं उतरवाचं नाई. पोराले ताटावर बसवाचं नाई. उद्या कोनी पडलं, भाजलं, तं कोनाच्या नावावर?" मग म्हणत, "म्हना." आणि पांढऱ्या मिशांचे मुख्याध्यापक एका सुरात म्हणत, "आदेशाबिगर कुलूप नाई." मागच्या ओळीतले दोघे-तिघे हसत. सर त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावत. "अन् ज्याले अधिकार नाई त्याचा कागद घेयाचा नाई, मंग थो कागद माहा असो का कोनाचा असो," हे दुसरं वाक्य. हेही दोनदा.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते.

दिवाळी झाली की मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला जातात. ट्रक येतात, घरंच्या घरं भांड्याकुंड्यांसकट त्यांत चढतात, आणि शाळेत जाणारी पोरंही वह्या टाकून त्याच ट्रकमध्ये बसतात. ती परत येतात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. ही पोरं गावातच राहावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालवायचं, दोन वेळचं जेवण आणि राहण्याची सोय करायची, अशी एक योजना आहे. पोहरादेवीच्या अलीकडच्या एका तांड्याचं नाव आमच्या यादीत त्या वर्षी पहिल्यांदा आलं होतं. सरांनीच आणलं होतं, आणि त्यासाठी ते चार वेळा तिथे गेले होते. हेही सांगायला हवं. माणूस कामचुकार नव्हता.

पालकांची संमतीपत्रं घ्यायला मीही गेले होते. रुखमा नावाची बाई अंगठा द्यायला पुढे आली, पण शाईच्या डबीवर बोट ठेवून थांबली. तिची मुलगी काजल सातवीत. मागच्या वर्षी ती ऊसतोडीला बरोबर गेली होती.

"साहेब, एकच इचारतो," रुखमा म्हणाली. "टरक याच्या आंधी पोरीचं ताट सुरू होईन ना? होत असन तं आमी तिले ठेवतो. मागच्या साली संग नेलं, तिनं दिवसभर तान्ह्याले सांभायलं. परत आली तं वर्गातल्या पोरी कुठच्या कुठं गेल्या होत्या. यंदा बी तसंच झालं तं थे शाया सोडन."

"होईन," सर म्हणाले. "माह्या फायलीले आजवर कोनी नाई म्हटलं नाई."

"खरं ना?"

"लिहून देऊ काय?"

"लिहून कायले? तुमी म्हटलं ना," असं म्हणून तिने अंगठा दिला. सर परत येताना जीपमध्ये फार खुशीत होते. मला तीनदा 'ताई' म्हणाले.

प्रस्ताव तयार झाला. पण त्या वर्षापासून कागदाची फाइल बंद झाली होती. सगळं स्कॅन करून पोर्टलवर चढवायचं आणि उत्तरही पोर्टलवरच यायचं. सरांनी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला, तेव्हाच मला धास्ती वाटली. स्वयंपाक करणाऱ्या बाईशी झालेला करारनामा त्यांनी बाहेर काढला. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. दुसरा साक्षीदार म्हणजे आमच्याच संस्थेचा शिपाई, समोर स्टुलावर बसलेला. सरांनी त्याची सही घेतली नाही.

"सर, यंदा निवद राहू द्या ना," मी म्हटलं. "हे पोर्टल हाय."

"पोर्टलच्या मांगं बी मानूसच बसला असन ना? त्याले कायले उपाशी ठेवता?"

"अन् मानूस नसन तं?"

"मानूस नसन तं मंजुरी कोन देईन, म्याडम?"

'म्याडम' म्हणाले, म्हणून मी गप्प बसले. तो करारनामा मीच स्कॅन केला. सहीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून थोडा वेळ थांबलेसुद्धा. शिपाई दहा पावलांवर होता. पेन माझ्याही हातात होतं. मग मी बटण दाबलं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळींचं. करारनाम्यावर साक्षीदाराची सही नसल्याने प्रस्ताव परत करण्यात येत आहे, नवीन प्रस्ताव पुढील फेरीत सादर करावा. पुढची फेरी तीन आठवड्यांनी उघडणार होती. ट्रक यायला आठ दिवस होते.

सर आधी हसले. त्यांना वाटलं, नेहमीचंच आहे, त्रुटी निघाली, आता पूर्तता द्यायची. त्यांनी शिपायाची सही घेतली, तयार पत्रावर तारीख टाकली आणि मला घेऊन वरच्या कार्यालयात गेले. तिथले अधिकारी सरांना चांगले ओळखत होते. त्यांनी पत्र वाचलं, सही असलेला करारनामा पाहिला आणि बाजूला ठेवला.

"सर, हे मला दिसतंय," ते म्हणाले. "पण परत गेलेला प्रस्ताव मला उघडताच येत नाही."

"पन सही तं आता हाय ना. हे पाहा."

"मी पाहतोय हो. पोर्टल नाही पाहत."

"मंग त्याच्या मांगं कोन बसते? मी त्यायले जाऊन भेटतो."

"मलाही माहीत नाही, सर. खरंच."

सरांनी आणखी दोन कार्यालयं केली. जिथे जिथे त्यांनी वर्षानुवर्षं निवद दाखवला होता, तिथे तिथे जाऊन आले. सगळीकडे चहा मिळाला. परत येताना मी मुद्दामच त्यांच्यापासून दूरच्या सीटवर बसले. मला फार राग आला होता. इतके दिवस ज्या खोडीला आम्ही सगळे हसत होतो, ती खोड नव्हती, मस्ती होती, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

ट्रक यायच्या दिवशी सकाळी सरांनी भाड्याची जीप केली. वाटेत मानोऱ्यात थांबून तांदूळ आणि डाळीचं पोतं घेतलं. पहिलं दुकान दिसलं तिथूनच घेतलं आणि भावही विचारला नाही.

"मंजुरी येईस्तोवर आपन खाऊ घालू," ते म्हणाले. "पोरायले शायेत ठेवू. बाकी पाहू मंग."

दिवाळीची सुट्टी चालू होती, शाळेला कुलूप होतं. मुख्याध्यापकांना बोलावणं गेलं. ते आले आणि पोत्यांकडे बघून उभेच राहिले.

"उघडा गुरुजी," सर म्हणाले.

"आदेश क्रमांक, सर?"

"येईन. तुमी उघडा."

"सर, तुमीच तं सांगतलं होतं. आदेशाबिगर कुलूप नाई."

"माह्या जबाबदारीवर उघडा."

"लेखी देता?"

सरांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे लिहून दिलं. मुख्याध्यापकांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश वाचला. मग तसाच परत दिला. त्यांचा आवाज अगदी पडला होता. "सर, राग नका मानू. हे देयाचा तुमाले अधिकार नाई. ज्याले अधिकार नाई त्याचा कागद घेयाचा नाई, हे तुमी आमच्याकून दोनदा म्हनवून घेतलं. माही दोन वर्षं राह्यली हाय नोकरीची."

मला त्या मुख्याध्यापकांना दोष देता येत नाही. सरही त्यांना तो देऊ शकले नाहीत. ते कागद हातात घेऊन पायरीवर बसले.

तांड्यावर ट्रक लागला होता. ज्या पोरांची मावशी किंवा काका गावात होते ती राहिली. रुखमाचं असं कोणी नव्हतं. काजल वर चढली होती आणि खालून दिली जाणारी भांडी घेत होती. कडेवरचं तान्हं तिने दोन डब्यांच्या मध्ये बसवलं होतं. रुखमा सरांसमोर येऊन उभी राहिली. ती भांडायला आली नव्हती. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं.

"साहेब, कागदात काय राह्यलं होतं?"

"एक सही."

"कोनाची?"

"साक्षीदाराची."

"काहून? थो मरला काय?"

"नाई. जित्ता हाय."

"मंग त्यानं नाई म्हटलं?"

"नाई. म्या घेतली नाई."

"काहून नाई घेतली?"

जिल्ह्यातल्या कुठल्याही साहेबाला त्यांनी याचं उत्तर दिलं असतं. त्या बाईसमोर मात्र ते हातातल्या कागदाची घडी घालत राहिले. ड्रायव्हरने भोंगा वाजवला आणि ती चढली.

ट्रक गेल्यावर तीन आठवड्यांनी नव्या प्रस्तावाला मंजुरी आली आणि वसतिगृह सुरू झालं, राहिलेल्या पोरांपुरतं. पण पहिला प्रस्ताव परत का गेला याचा खुलासा संस्थेने वरच्या कार्यालयाला द्यायचा होता. मी सवयीने 'नजरचुकीने'वालं पत्र काढलं. सरांनी ते घेतलं नाही. त्यांनी स्वतः हाताने खुलासा लिहिला: 'सदर सही मी जाणूनबुजून घेतली नाही. मी प्रत्येक प्रस्तावात अशी एक त्रुटी ठेवत आलो आहे. या वेळी त्यामुळे मुलांना गाव सोडावं लागलं. यात दुसऱ्या कोणाचाही दोष नाही.'

आमच्या अध्यक्षांनी तो वाचला आणि खुर्चीतून उठले. "सर, डोकं ठिकानावर हाय ना? सगया जुन्या फायली उघडतीन. हे नाई जाईन."

"जाईन," सर म्हणाले. त्यांनी त्यावर जावक क्रमांक टाकला आणि स्वतः नेऊन दिला.

आठवड्याने उत्तर आलं. कोणी फाइली उघडल्या नाहीत, कोणी चौकशी केली नाही. 'खुलासा विहित नमुन्यात नसल्याने स्वीकारता येत नाही.' सोबत नमुना होता. त्यात कारणासाठी तीन चौकटी होत्या: तांत्रिक अडचण, टंकलेखनातील चूक, सूचनांबाबत गैरसमज. जाणूनबुजून केलेल्या चुकीसाठी चौकट नव्हती. सर तो नमुना बराच वेळ उलटसुलट बघत राहिले. मागच्या बाजूलाही पाहिलं.

शेवटी अध्यक्षांनीच मधल्या चौकटीत खूण केली आणि टंकलेखन करणाऱ्याच्या नावासमोर माझं नाव घातलं. तो खुलासा त्याच दिवशी मान्य झाला. सरकारदरबारी ती चूक आजही माझी आहे. मी चिडले, रडले, पण ते पूर्ण खोटं आहे असं काही मला म्हणता आलं नाही.

सरांनी नोकरी सोडली. निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले की एवढ्या वर्षांत सरांच्या एकाही फाइलीत मोठी चूक निघाली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी शाल घेतली आणि भाषण केलं नाही.

होळीनंतर एक दिवस त्यांचा फोन आला. "ताई, उद्या सुट्टी काढता काय? तांड्यावर जाऊ. टरक आले म्हनतात."

एसटीत त्यांनी पिशवीतून मुलींच्या निवासी शाळेचा प्रवेश अर्ज काढला. सगळा भरलेला. शाळेत जाऊन त्यांनी काजलची नोंद उतरवून आणली होती, जन्मतारीख, दाखला, सगळं. "तुमी एकदा पाहून घ्या," म्हणाले. मी पाहिला. मग त्यांनी पुन्हा एकदा पाहायला लावला. मग तिसऱ्यांदा. मला काही सापडलं नाही.

काजल दारातच होती. रंग रापला होता, तळहातांना फडकी गुंडाळलेली होती आणि भाऊ कडेवर होता. रुखमाने आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. सरांनी मान खाली घालून तिला सगळं सांगितलं: शाळा, राहणं, जेवण, पुस्तकं. "खर्च कायी नाई. फक्त अंगठा पायजे."

"तिलेच इचारा," रुखमा म्हणाली. "आता थे माहं आयकत नाई."

"मी नाई येत," काजल लगेच म्हणाली. "आता मले आठवीत टाकतीन. अन् मले सहावीचं गनित येत नाई. तती सगया पोरी हासतीन. दोन साल झाले, आता नाई जमत मले."

"जमन बेटा," सर म्हणाले. "वाचून तं पाय."

तिने भावाला खाली ठेवलं आणि फडकं गुंडाळलेल्या हातात अर्ज घेतला. उभ्या उभ्या, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. स्वतःचं नाव, बापाचं नाव, तांडा, तालुका, जन्मतारीख, खालच्या बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा. कुठेही अडखळली नाही. रुखमा चुलीपाशी हात थांबवून ऐकत होती.

"सगयं बराबर हाय, साहेब," काजल म्हणाली. "कायीच नाई चुकलं."

तिने अर्ज सरांपुढे धरला. सरांचा हात वर आला नाही. ती जरा थांबली, मग तिने तो, अंगठ्याची जागा तशीच रिकामी, माझ्या मांडीवर ठेवला, भावाला उचललं आणि हंडा घेऊन पाण्याला गेली.